काठातले दोन पिवळे धागे

सातारा, मंगळवार

प्रिय उत्कर्षा,

या पत्रात मला एवढेच सिद्ध करायचे आहे की मनुबाईंच्या शालीविषयी संग्रहालयाच्या सभागृहात मी जे सांगितले ते खरे होते, आणि खऱ्याच्या परिणामांचा भार सांगणाऱ्यावर टाकता येत नाही. तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून लिहितो आहे. सकाळच्या एसटीने आपल्या संग्रहालयातली क्रांती सांगलीला येते आहे. ती हे तुझ्या हातात देईल. तिच्यासमोरच वाच.

प्रथम वस्तुस्थिती. ‘घरातले वस्त्र आणा, त्याची माहिती घेऊन जा’ हा उपक्रम तुझा. महिन्याच्या पहिल्या रविवारी लोकांनी पेटीतली पैठणी, आज्याचे घोंगडे, पणजोबांचा फेटा आणायचा आणि ते कुठे, कसे विणले गेले ते आपण सांगायचे. वस्त्रसंग्रहालयात माणसे काचेपलीकडून पाहून निघून जातात, हात लावू दिला तर थांबतात, हे तुझे म्हणणे होते आणि ते बरोबर ठरले. टेबलाशी तू मला बसवलेस. मी आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर कापडाकडे वळलो, कारण कापड साक्ष फिरवत नाही. तुझी आई असती तर म्हणाली असती, माणसांशी जमले नाही म्हणून वळलात.

तुझा एक नियम होता. वस्त्र आधी बाजूच्या खोलीत पाहायचे, मालकाला एकट्याला सांगायचे, आणि त्याची हरकत नसेल तरच सभागृहात बोलायचे. तो नियम मी मोडीत काढला. लोकशिक्षण कानात सांगून होत नाही, असे मी समितीपुढे म्हणालो, आणि समितीला ते वाक्य फार आवडले.

मार्गशीर्षातल्या त्या रविवारी मनुबाई पाटणकडच्या गावाहून साताऱ्याला लग्नाचा बस्ता बांधायला आल्या होत्या. बरोबर व्याही, निवृत्त सुभेदार लालासाहेब. त्यांच्या मुलीचे, शिवांजलीचे, लग्न मनुबाईंच्या मुलाशी, ऋषिराजशी ठरले होते. ऋषिराज सैन्यात, काश्मीरला, असे सारा गाव धरून चालला होता. दारावरचा आपला फलक वाचून लालासाहेबच त्यांना आत घेऊन आले. मनुबाईंनी अंगावरची शाल काढून टेबलावर ठेवली आणि सभागृहाकडे वळून म्हणाल्या, “लेकानं धाडलीया, काश्मीरातनं. कशी इणत्यात ते सांगा की सर ह्या लोकास्नी.”

मी शालीची एक दशी ओढली, काडी पेटवली आणि धागा जाळून दाखवला. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. हा धागा वितळला आणि त्याची काळी, टणक गोळी झाली. ती बशीत घालून मी रांगेतून फिरवली. मग शालीचा काठ उलगडून त्यातले जोडीने जाणारे दोन पिवळे धागे दाखवले. विट्याकडच्या यंत्रमागांची पाहणी करताना ही खूण मी एकाच कारखान्यात पाहिली होती. तिथे शाल विणोत की पंचा, काठात हे दोन धागे असतातच. म्हणून मी म्हणालो की ही शाल सांगली-सातारा ओलांडून पलीकडे कधी गेलेली नाही. लोक हसले. तू मागच्या भिंतीशी उभी होतीस, तू हसली नाहीस.

मनुबाई म्हणाल्या, “आवं सर, जळला त्यो एकच धागा न्हवं? बाकीची शाल चांगली असंल की.” त्यात प्रश्न नव्हता, असे मला तेव्हा वाटले, आणि मी शालीची घडी घातली.

लालासाहेबांना मात्र अनुमान पुरते कळले होते. त्यांनी तिथल्या तिथे ऋषिराजला फोन लावला, पलटणीचे नाव विचारले, साहेबाचे नाव विचारले. पलीकडून फक्त यंत्रमागावरच्या धोट्यांचा खडखडाट पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आला. आवारात ते मनुबाईंना म्हणाले, “सुभेदाराच्या घरात इट्याच्या मागावरला जवान चालत न्हाई, इहीनबाई. बस्ता तुमचा तुमी बांधा.” भरतीत दोनदा नापास झालेला मुलगा गावाला तोंड दाखवू शकला नाही आणि मागावर लागला, एवढीच ती गोष्ट होती. त्या दिवसापासून त्याचा फोन बंद झाला. कारखान्यातही तो पुन्हा दिसला नाही.

तू राजीनामा दिलास तेव्हा मी विचारले होते की माझ्या विधानातले कोणते पद असत्य आहे. तू म्हणालीस, “एकही नाही, बाबा. म्हणूनच मला तुमच्याशी बोलायचं नाही.” या वाक्याचे खंडन मी पुष्कळदा केले आहे. एका मुलीची फसवणूक टळली, हा माझा मुख्य मुद्दा. खोटे उभारले त्याने, मी नव्हे, हा दुसरा. ते दोन्ही मला आजही सदोष वाटत नाहीत.

तू गेल्यानंतरचे तुला ठाऊक नाही. मनुबाई दर पहिल्या रविवारी येत राहिल्या. शाल पांघरून शेवटच्या रांगेत बसायच्या, टेबलाशी यायच्या नाहीत. क्रांती चहा घेऊन गेली की तिच्यापाशी निरोप द्यायच्या, “सरांस्नी म्हनावं, शाल ऊबदार हाय.” मी मान हलवत असे. फाल्गुनात समितीने उपक्रम बंद करण्याचा विषय काढला. लोकांचा ओघ आटला आहे, असे कारण दिले गेले.

काल सोमवार, संग्रहालय बंद असते. मी कार्यालयात होतो. मनुबाई आल्या, बरोबर हवालदार जोतिबा. विट्याजवळच्या कालव्यात एक प्रेत सापडले आहे. पाण्यात फार दिवस राहिल्याने चेहरा उरलेला नाही. गळ्याभोवती पंचा होता. तो हवालदारांनी पिशवीत घालून आणला होता. हवालदार म्हणाले, “त्यो ऋषिराजच असावा म्हटलं तर आजी आमचं ऐकत न्हाईत. म्हनत्यात, कापडातलं त्या सरांस्नी कळतं, त्यांनी सांगितलं तर मानीन.” मनुबाईंनी पंचा माझ्यापुढे सरकवला. काठ वर केलेला होता; त्यांनी आधीच पाहिला होता. म्हणाल्या, “ह्यात बी तसलंच दोन धागं दिसत्यात. खरं तुमी सांगा.”

धागे पाण्याने फिके झाले होते, पण जोडीनेच जात होते. मी ते बराच वेळ पाहिले. तुझा नियम मला त्या क्षणी आठवला, आणि बाजूच्या खोलीत मी त्यांना काय सांगितले असते, तेही सुचेना. मग मी म्हणालो की असे पिवळे धागे पुष्कळ कारखाने घालतात. त्यावरून काही ठरत नाही.

उत्कर्षा, ती बाई तुझ्या कुठल्याही प्राध्यापकापेक्षा लवकर निष्कर्षाला पोचली. म्हणाली, “मग शाल बी काश्मीरची असंल, व्हय?”

मी म्हणालो, “असेल.”

त्यांनी पदराने डोळे पुसले. हवालदारांच्या कागदावर ‘माझा मुलगा नाही’ यापुढे अंगठा केला. नाते पटवण्यासाठी रक्ताची तपासणी करायची का, असे हवालदारांनी विचारले, तर मनुबाई “कशाला? सर बोलले न्हवं” म्हणाल्या. चैत्राच्या उन्हात ती शाल डोक्यावरून घेऊन त्या फाटकाबाहेर गेल्या. जाताना मला नमस्कार केला.

आता सिद्धता पूर्ण करतो. दोन पिवळे धागे एकाच कारखान्याची खूण असतील, तर शालीविषयी मी खरे बोललो आणि पंचाविषयी खोटे. ती पुष्कळांची खूण असेल, तर काल मी खरे बोललो आणि मार्गशीर्षात एक घर विनाकारण मोडले. तिसरा पर्याय नाही. ती एकाच कारखान्याची आहे. पत्राच्या आरंभी केलेल्या माझ्या प्रतिज्ञेचा पूर्वार्ध सिद्ध झाला. उत्तरार्ध मी मागे घेतो.

पत्राचे कारण हे. प्रेत सांगलीच्या शवागारात आहे आणि परवा ते बेवारस म्हणून जाळले जाईल. हवालदारांना मी पहाटे फोन केला. ते म्हणाले, सहीनिशी लेखी द्या. म्हणून खालचा मजकूर त्यांना दाखव. मी आत्ता पाटणच्या गाडीला निघतो आहे. मनुबाईंना त्यांच्या घरात, दार लावून, एकट्यांना सांगेन, आणि त्या तयार झाल्या तर सायंकाळपर्यंत सांगलीला घेऊन येईन. तू शवागाराच्या दाराशी थांब. आत जाताना त्यांच्याजवळ फक्त मी असणे योग्य नाही.

मी खाली सही करणारा कबूल करतो की सोमवारी मला दाखवलेल्या पंचाविषयी मी दिलेला अभिप्राय चुकीचा होता, आणि देताना तो चुकीचा आहे हे मला माहीत होते.

तुझाच,
बाबा