नाथा कुणाकडे जेवायचा

ग्योतोकु, जपान,
गुरुपौर्णिमा

तीर्थस्वरूप बाबांना उदयचा साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघं बरे आहोत. उकाडा फार आहे. आज घरूनच काम होतं, म्हणून सकाळी दत्ताच्या तसबिरीला निवांत हार घालता आला. तुमचं पथ्य नीट चाललं असेल.

इथल्या मंडळाच्या गणपतीत नाथा फिरस्ता करायला तुम्ही तयार आहात, हे मंडळाच्या जयेशकडून कळलं. मंडळी हरखली आहेत. "नाथाचे जावई आहात आणि आजवर बोलला नाहीत?" असं मला ऐकवून झालं. माझ्या लहानपणी आमच्या गावात टीव्ही एकच, ग्रामपंचायतीत. तुमच्या मालिकेत दर आठवड्याला नाथा नव्या दारी जायचा, पोटभर जेवायचा, त्या घरातलं भांडण मिटवून बोचकं उचलायचा. त्या दिवशी आमची आई एक भाकरी जास्त थापायची. मलाही वाटायचं, येईल.

मेधा काय म्हणते, असं तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत. दोन्ही वेळा मी पावसापाण्याचं बोललो. म्हणून हे पत्र.

रविवारी सईला तुमचे जुने भाग लावून दिले. ती खूप हसली. मग तिने जपानीत आईला विचारलं, आजोबांना घर नाही का? मेधा कपड्यांच्या घड्या घालत होती. मराठीत म्हणाली, "आहे. तिथे ते जेवत नसत."

नंतर ती माझ्याशी बोलली. आई तुमच्यासाठी ताट झाकून ठेवायच्या ते. शाळेतल्या मुली म्हणायच्या, "काल तुझे बाबा किती आवडीने जेवले गं!" ते. शूटिंग, दौरे हे तिलाही कळतं. पण कार्यक्रमाला ती येणार नाही. तुम्हाला स्टेजवरून तिची रिकामी खुर्ची दिसावी, हे मला सोसवणार नाही.

मी समजूत घातली नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला.

आज भाजी चिरताना तिने आपणहून विचारलं, "बाबांना आता तिखट चालतं का?" मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.

तेव्हा बाबा, मंडळाला नाही म्हणा. जयेशची नाराजी मी बघून घेईन. तिकीट मात्र रद्द करू नका. नाथाचे कपडे तिकडेच राहू द्या आणि आमच्याकडे राहायला या. तिखटाचं काय ते मला कळवू नका. मेधाला फोन करून सांगा. संध्याकाळी सातनंतर ती स्वयंपाकघरातच असते.

तुमच्या पानाशेजारी बसायची वाट पाहणारा,
उदय