आधी विरोधकाचं म्हणणं

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. इथे हॉस्पिटलच्या चादरींचे ढीग काही संपत नाहीत. धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्रीच्या रोलरखालून काढायच्या, की दुसऱ्या दिवशी त्याच पुन्हा हजर. भाऊजी कामावर जायला लागले हे ऐकून बरं वाटलं.

माझ्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरणारा म्हातारा आहे ना, त्याला आम्ही पाद्रीबुवा म्हणतो. पाद्री व्हायला निघाला आणि लग्न करून बसला. जेवणाच्या सुट्टीत त्याचं ते जुनं, जाडजूड धर्माचं पुस्तक मी वाचतो. सातवी नापास माणूस, बोट ठेवूनच वाचणार. तो म्हणतो, अरे बैलोबा, वाक्य चावून खा, गिळू नकोस. पण तुझ्या छकुलीसारख्या, बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या बाळांचं प्रकरण हाती लागलं आणि मला कुठला धीर! ज्या जिवाने काही पापच केलं नाही, त्याला देव दाराबाहेर कसा ठेवील, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी तस्संच तुला कळवलं. त्या दिवशी तू पोटभर जेवलीस म्हणे.

परवा फुशारकीने ते पान पाद्रीबुवाला दाखवलं. एरवी टपल्या मारणारा माणूस, पण त्याने नुसतं पान उलटलं. पुढे वाच म्हणाला. ताई, त्या पुस्तकाची रीतच अशी आहे. लिहिणारा आधी विरोधकाचं म्हणणं मांडतो, तेही वकिलासारखं, जीव ओतून. मग स्वतःचं सांगतो आणि वरचं एकेक खोडून काढतो. मी वाचलं ते विरोधकाचं होतं. लिहिणाऱ्याचं स्वतःचं असं, की त्या बाळांना यातना नाहीत, पण देवाचं दर्शनही नाही. कधीच नाही. मग मात्र मी शब्द न् शब्द चावला, कुठे फट सापडते का बघितलं. नाही सापडली. पाद्रीबुवा म्हणाला, संन्यासी होता रे तो, त्याला कुठलं लेकरू. एवढं बोलून तोही चादरी उचलायला गेला.

हे तुला कळवणारच नव्हतो. चूक तर चूक, तू जेवत तरी होतीस. पण काल भाऊजींचा निरोप आला. चर्चच्या कुंपणाबाहेरच्या छकुलीच्या थडग्याच्या दगडावर तू तेच वाक्य कोरायला दिलंस, आणि रविवारी फादरना हाताला धरून तिथे नेणार आहेस. फादरनी ते पुस्तक वाचलेलं असणार गं. चारचौघांत त्यांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. कारागिराला थांबव. त्याऐवजी काय लिहायचं, ते मला अजून कुठेच सापडलेलं नाही.

तुझाच,
करंटा भाऊ