डिसेंबरच्या भाताची पाटी

कामथडी, १ जुलै २०२५

ती. रतनआत्यास,
शेफालीचा सा. न. वि. वि.

पासलीत फोन लागत नाही, म्हणून हे पत्र धनाजीच्या दुधाच्या टेम्पोतून पाठवते. रविवारी काय झाले ते क्रमाने लिहिते.

१. सकाळी सव्वानऊला मी कारखान्यातल्या सहा जणांना घेऊन तुमच्याकडे जेवायला आले.
२. त्याआधीच्या रविवारी मी भाताच्या रोपांच्या तरव्याजवळची तुमची पाटी काढून माझी लावली होती.
३. तुमच्या पाटीवर होते: ‘धिस इज नॉट ग्रास. धिस इज अवर डिसेंबर राइस, नाऊ बेबी. प्लीज डू नॉट सिट ऑन बेबी.’
४. माझ्या पाटीवर होते: ‘नो ट्रेसपासिंग. अॅग्रिकल्चरल प्रिमायसेस.’
५. अकराच्या सुमारास आमच्यातले चौघे फोटोसाठी तरव्यात बसले. त्यांना ती हिरवळ वाटली.
६. एक तृतीयांश रोपे गेली.

पाटी वाचली नाही का, असे मी आमचे साहेब इंद्रजित यांना विचारले. ते म्हणाले, कारखान्यात अशा पाट्या रोज दिसतात, त्यामुळे डोळा थांबलाच नाही. कारखान्यातल्या त्या पाट्या मीच लिहिते.

पाटी बदलण्याचे कारण भाषेची अचूकता हे होते. चूक माझी आहे. लावणीला रोपे कमी पडतील. ती कुठे मिळतील ते कळवावे, मी आणून देईन. रागवायचे असेल तर सविस्तर रागवावे.

आपली,
शेफाली

पासली, ४ जुलै

चि. शेफालीला आत्याचा पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. पोलीसपाटलाचा पंचनामा बी एवढा सरळ नसतो गं! राग न्हाई. मार्गासनीचा चिमाजीमामा थोडी रोपं देतो म्हणलाय, त्याची काळजी तू करू नगंस. पर ऱ्हायलेला तरवा जगला तरच भागंल. लावणीला अजून दहा दिस हायेत आन् मधी दोन रविवार पडत्यात, शहरातली माणसं येणारच. पैल्या रविवारी म्या सोता राखण बसंन. सरपंच सुलक्षणाताई म्हणत्यात, लोकांच्या वाटंवर पाच पाट्या लावू, मजकूर तुमी द्या.

तुझे साहेब मातर लई गुणाचे. माझ्या तरव्यात पाय पसरून बसले, वर मलाच इचारलं, मावशी, हितं गवत एवढं मऊ कसं? म्या म्हणलं, उठा, मग सांगते.

तू अचूकता म्हणतीस. आगं, माझ्यापाशी इंग्रजीचे शब्द पन्नास-साठ, रविवारी शहरातनं माझ्याकडं जेवायला येणाऱ्या पोरींकडनं उचललेले. तरवा काय असतो ते शहरातल्या माणसाला ठावं न्हाई. पर डिसेंबर ठावा हाय, बाळ ठावं हाय. म्हणून तसं लिवलं. तीन वर्सं कुणी बसलं न्हाई.

पर तू पाटी काढलीस तवा म्या चुलीपासनं बघत हुते. इकडंतिकडं बघून, घाईनं काढलीस. माझ्या पोरीला लाज वाटली, मग मला बी वाटली. आता म्या इंग्रजी लिवणार न्हाई. पाट्या तूच लिव, तू शिकल्याली हायेस.

येताना शेजारच्या फुलाबाईसाठी गुडघ्याचं तेल आण. जीव तुझ्यावर हाय तेवढाच हाय, त्यातला तिसरा हिस्सा काय गेलेला न्हाई.

तुझी आत्या

कामथडी, ८ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न.

अचूकतेचे कारण मी दिले, ते अपुरे होते. कारखान्यातली माणसे येणार होती आणि त्यांनी तुमचे इंग्रजी वाचू नये, असे मला वाटत होते. एवढे लिहायला मला दोन दिवस लागले.

घाईत दारातली पाटी राहून गेली: ‘डॉग इज ओन्ली टॉकिंग.’ वाघ्या भुंकत होता. सहाही जणांनी ती वाचली, हसले आणि सरळ आत आले. इशाऱ्याची पाटी मी लिहिली असती तर सगळे रस्त्यावरच उभे राहिले असते. काल तपासणीला आलेले अधिकारी अर्धा तास ओरडून गेले, तेव्हा साहेब हळूच तेच वाक्य म्हणाले. सगळे हसले. ते वाक्य कोणी लिहिले हे त्यांना माहीत होते. मी मान वर ठेवून पुन्हा सांगितले, माझ्या आत्याने.

पाच पाट्यांसाठी तुमच्यासारखे लिहून पाहिले. चौदा मसुदे झाले. व्याकरणात सगळे बसतात. वाचून कोणी पाय मागे घेईल असा एकही नाही. तुमच्या साठ शब्दांत जे होते ते माझ्या सगळ्या शब्दांत होत नाही. मी अंदाजाने बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

पाट्यांसाठी पाच लोखंडी पत्रे पांढरा रंग देऊन तयार आहेत. तुम्ही लिहाल ते एकही अक्षर न बदलता उतरवीन आणि खाली तुमचे नाव घालीन. शनिवारी पाट्या आणि तेल घेऊन येते, म्हणजे रविवारच्या आधी लागतील.

लोभ मागायचा हक्क सध्या थोडा कमी आहे, तरी मागते.

पाचही पाट्यांचा मजकूर, तुमच्या इंग्रजीत, शुक्रवार ११ जुलैपर्यंत धनाजीबरोबर पाठवावा.

शेफाली