कोरडी भिंत

डेहराडून,
जुलैअखेर

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका. आईला आधी सांगा की कुंदन बरा आहे, दोन वेळ जेवतो. फोन करता आला असता, पण फोन तुम्ही स्पीकरवर टाकता, शेजारची राहीबाई काकू तिच्या ओट्यावरून मधेच बोलते, आणि मी मुद्द्यावर यायच्या आत तुम्ही म्हणता, "पोरा, टेन्शन घेव नको, सगलं फायनल झालंय." मग मी हो हो करतो आणि ठेवून देतो. म्हणून लिहितोय. आठवीत शाळा सोडलेला पोरगा पत्र लिहितोय म्हणून हसाल. हसा. जागृतीला सांगा, वाचताना भावाच्या चुका सुधारून घे. आणि दार ओढून वाच.

तुम्हाला डोंगराजवळ राहायचंय हे मला पटतं. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगा आडवा येतोय. तुमची सगळी उमर कंपनीत त्या केमिकलच्या वाफा ओढण्यात गेली. रिटायर झाल्यावर डॉक्टर म्हणाले हवा बदला, आणि घणसोलीत हवा उरलीय कुठे? गावठाणात आपल्या घराच्या एका अंगाला भाड्याच्या खोल्यांचे मजले, दुसऱ्या अंगाला सेक्टरचा टॉवर. आई पापड घेऊन उन्हाच्या मागे ओटीवरून गच्चीवर फिरते. मोठं शहर नको, खेडं नको, दवाखाना जवळ हवा आणि खिडकीतून डोंगर दिसला पाहिजे, हे तुमचं म्हणणं बरोबरच होतं. तुम्ही दोघं शहरं बघत फिरलात त्याच्या गोष्टी जागृती मला सांगायची तेव्हा मी इथे मेसमध्ये एकटाच हसायचो. नाशिकला आत्याचा अख्खा गोतावळा, म्हणून तुम्ही म्हणालात, "इथं रिटायर झालो तं पाव्हन्यांची खानावळ चालवावी लागंल." साताऱ्याला आईने मासळीवालीला विचारलं, "बाय, या बोंबलांना खाडी सोडून किती दिस झालं?" आणि ती बाई पाटी उचलून उठलीच. तरी सातारा तुम्हाला आवडला होता. किल्ल्याच्या पायथ्याला खोल्या, चालायला सपाट रस्ता, एसटी स्टँड जवळ, संध्याकाळी म्हातारे बसतात तो कट्टासुद्धा तुम्ही बसून बघितला होता. आणि मग वाशीच्या त्या घरांच्या प्रदर्शनात बिल्डरच्या नंदिनी मॅडमच्या स्टॉलवर तुम्ही डेहराडूनचं चित्र बघितलं, आणि सातारा मागे पडला.

बिल्डरच्या माणसांनी थंडीत तुम्हाला इथे आणलं तेव्हा मी वरच्या रस्त्याच्या कामावर होतो. माती उकरायची माझी पोकलेन मशीन सोडून खाली येता आलं नाही, तुम्हीही म्हणालात राहू दे. पण तुम्ही फोटो पाठवला होता. शहराच्या वर, उतारावर, अजून प्लास्टर न झालेली बिल्डिंग, तिच्या मागे उंच दगडी भिंत आणि भिंतीवर हात ठेवून तुम्ही. कानटोपी घातलेली. खाली लिहिलं होतं, "बघ, एक थेंब पाझरत नाय. बांध असावा तं असा." तो फोटो मी सगळ्यांना दाखवला, बाबा. माझा बाप बघा, डोंगराला हात लावून कसा उभा आहे. दिवानसिंग म्हणून माझ्याबरोबर पोकलेन चालवतो, इथलाच, पहाडी माणूस. त्याने फोटो बोटांनी मोठा करून बघितला, मला परत दिला आणि चहा प्यायला निघून गेला. मला तेव्हा काही कळलं नाही.

तुम्ही भिंत कशी बघितली असणार ते मला माहीत आहे. लहानपणी तुम्ही मला खाडीच्या बाजूला नेऊन दाखवायचात, इथं आपली भातशेती होती, इथून बांध जायचा. चिंबोरीच्या बिळातून बोटभर पाणी आत आलं तरी गावात हाक पडायची, आणि बायकामाणसं रांग लावून चिखलाचे गोळे हातोहात द्यायची. नाहीतर भरतीपर्यंत बांध फुटून खांड पडायची आणि खारं पाणी सगळ्या भातात. तुम्ही आजीचा पदर धरून तिच्या मागे त्या रांगेत उभे असायचात. पाझरला तो बांध मेला, हे तुमच्या अंगात आहे. माझ्याही अंगात तेच होतं. आपल्या घणसोलीचा कुठलाही माणूस त्या भिंतीसमोर उभा राहिला असता तर त्याने हेच म्हटलं असतं, की भिंत एकदम टाइट आहे.

पण बाबा, डोंगरात उलटं असतं. आपल्याकडे पाणी बाहेरून येतं, ते बाहेर ठेवायचं. इथे पाणी भिंतीच्या मागेच असतं, डोंगराच्या पोटात. ते आत मुरतं आणि बाहेर यायला वाट शोधतं. अशा भिंतीला इथे पुश्ता म्हणतात, आणि पुश्त्याला मुद्दाम भोकं ठेवतात. पावसात प्रत्येक भोकातून धार लागलेली दिसली की इथली माणसं बिनघोर झोपतात. भिंत कोरडी दिसली की गुरांची दावी सोडून घराबाहेर पडतात. हे मला दिवानसिंगने पावसाळा लागल्यावर सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारलं तेव्हा. म्हणाला, "तेरे पिताजी का फोटो देखा था ना. बोलता तो तू बुरा मान जाता."

मग मी सुट्टीच्या दिवशी पावसात तुमची बिल्डिंग बघून आलो. भोकं होती. आतून बुजवून, वरून सिमेंट मारून रंग दिलाय. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, पाण्याचे काळे ओघळ यायचे, कस्टमर लोकांना बरं दिसत नव्हतं. सगळीकडे पाऊस कोसळतोय, झाडं गळतायत, माझ्या मानेतून पाणी आत जातंय, आणि ती एवढी मोठी भिंत खडखडीत. मधोमध तिला पोट आलंय. तुमच्या फोटोत ते पोट नाही, मी तिथेच उभा राहून मोबाइलवर ताडून बघितलं. तुम्ही जिथे हात ठेवलाय तिथे मीही हात ठेवायला गेलो आणि ठेवला नाही. उलटा फिरलो तो खालच्या वळणापर्यंत धावत आलो.

हे तुम्हाला फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं तर तुम्ही काय म्हणालात आठवतंय? "अरं, आपली नवी मुंबय तरी कशावर हाय? भरनीवरच ना? आमी बोललो का कोनला, की बुडंल?" आणि मागून राहीबाई काकू, "पोरगं भ्यालं वाटतं डोंगराला." सगळे हसलात. मीही हसलो. पण बाबा, आपल्याकडची भरणी सपाटावर असते. खचली तर फरशी तडकते, दार अडकतं, सोसायटीत मीटिंग होते. इथे उतारावर माती खचली तर ती जागेवर राहत नाही.

या महिन्यात खालच्या रस्त्यावर अशीच एक भिंत फुटली. तुमची नाही, दुसरी, रस्त्याकडेची. आदल्या दिवशी वरून थोडी माती आली होती, ती उचलायला आमची मशीन लावली होती. सकाळची वेळ, पाऊस थांबलेला, ऊनसुद्धा पडलं होतं. आवाज पण मोठा झाला नाही. ट्रक रेती ओततो ना, तेवढाच. मग मशीन आडवी झाली आणि मातीखाली गेली. केबिनमध्ये माणूस होता. काचेला बाहेरून चिखल चिकटला आणि आत अंधार झाला, डिझेलचा वास आला, आणि मग काच हळूहळू आत यायला लागली. त्या माणसाला वाटलं आपण ओरडतोय. दिवानसिंग नंतर म्हणाला, काहीच आवाज येत नव्हता, अंदाजानेच उकरलं. दुसऱ्या मशीनचं बकेट लावलं तर माणूसच चिरला जाईल म्हणून तो आणि बाकीचे हातांनी उकरत होते. दिवानसिंगची नखं निघाली.

केबिनमधला माणूस मीच होतो, बाबा. आता बरा आहे हे वर लिहिलंय ते खरं आहे. खांद्याला पट्टा आहे तो निघेल. आईला हे वाचून दाखवताना जागृतीने एवढंच वाचावं, की लागलं होतं आणि बरं झालं.

पण जरा बरं वाटल्यावर मी पट्ट्यासकट मशीनवर चढलो आणि दार लावता आलं नाही. हात दारापर्यंत जातो आणि मी खाली उतरतो. पुन्हा चढलो, पुन्हा तेच. ठेकेदार चांगला आहे, म्हणाला आराम कर, तोवर मेसमध्ये मदत कर. तर तुमचा पोकलेन ऑपरेटर सध्या कांदे कापतो. पोरं चिडवतात, "अरे बंबई, समंदर से नहीं डरा, मिट्टी से डर गया?" मी म्हणतो हो, डर गया. खोटं कशाला बोलू? पावसाचा आवाज वाढला की मी मेसबाहेर येऊन उभा राहतो, भिजत. छपराखाली राहवत नाही. मागे डोंगर असला की त्याच्याकडे पाठ करता येत नाही, आणि इथे सगळीकडेच मागे डोंगर आहे.

मला तुमचं एकच कोडं सुटत नव्हतं. सातारा पसंत पडलेला माणूस एका चित्रावरून एवढ्या लांब का निघाला? हवेसाठी एवढ्या लांब कशाला यायचं, हवा साताऱ्यालाही आहे. शेवटी परवा जागृतीला खोदून विचारलं. आधी म्हणाली मला काय माहीत. मग रडली आणि म्हणाली, "बाबा आईला बोलले, पोरगं कुठं टिकत नाय, आता जरा टिकलंय तं आपनच जाऊ त्याच्या बाजूला. त्याला नको सांगू, नायतर तिथूनही पळंल." तुम्ही मला हे कधीच बोलला नाहीत. मला वाटायचं तुम्ही माझ्यावर कायमचे वैतागलेले आहात. वाशीच्या मार्केटातलं काम सोडलं तेव्हा बोलला नाहीत, कामोठ्याला टेम्पोवर होतो तो सोडला तेव्हा पण नाही, इकडे निघालो तेव्हा फक्त विचारलंत, स्वेटर घेतलास का. आणि आता माझ्यासाठी तुम्ही आणि आई त्या भिंतीखाली झोपायला येताय. हे कळल्यापासून कांद्याचं निमित्त बरं पडतंय.

म्हणून सांगतो, तिथे येऊ नका. दिलेलं टोकन जाऊ दे, गावात लोक हसतील ते हसू दे. डोंगर हवाच असेल तर साताऱ्याला त्या पायथ्याच्या खोल्या भाड्याने घ्या, आधी एक अख्खा पावसाळा राहून बघा. घर बघायला थंडीत जाऊ नका, श्रावणात जा. तिथल्या जुन्या बाईला विचारा, पाणी कुठून जातं.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते लिहितो, आणि हे लिहायला मला भिंतीचं सगळं सांगण्यापेक्षा जास्त भीती वाटतेय. नारळी पुनवेनंतर तुम्ही घणसोलीचं घर विकून त्याच्या चाव्या तिथल्या बिल्डरला देणार आहात. देऊ नका. मी आजवर जिथून जिथून पळालो, तिथून पळताना मागे घर आहे हे मला माहीत होतं. म्हणून तर पळता यायचं. त्या केबिनमध्ये काच आत येत होती तेव्हा मला दुसरं काही आठवलं नाही, देव पण नाही. एवढंच वाटलं, की इथून निघालो तर घरी जायचं, आणि मग आठवलं की घर तर पुनवेनंतर नाही. तुम्ही माझ्याकडे यायला निघालात, बाबा, आणि मला तुमच्याकडे यायचंय. खांद्याचा पट्टा निघाला की निघतो. वरच्या खोल्यांत भाडेकरू असतील तर मी खाली ओटीवर झोपेन. आई विचारेल किती दिवसांची सुट्टी आहे. तिला सांगा, सुट्टी नाही, तो आलाय.

तुमचाच,
कुंदन