तीनशे खोगिरांचा कागद

मुंबई,
ता. २० नोव्हेंबर १९५४

ती. स्व. लालसिंग भिया यांस धाकट्या हेमसिंगचा शि. सा. न. वि. वि.

इकडे मी खुशाल आहे. बापूंचा खोकला कसा आहे ते कळवावे. रूपाला सांगावे की तिने नवऱ्यासाठी बांधून दिलेली मिरचीची चटणी बराकीतल्या सोबत्यांनी दोन दिवसांत फस्त केली. मला नुसता वास मिळाला. डिसेंबरात घरी येईन म्हटले होते, ते आता जमत नाही. रजा रद्द झाली आहे, आणि ती ज्या कामासाठी रद्द झाली ते पाहून अंगाचा तिळपापड होतो.

आमच्या लष्करी कोठारात सध्या लगीनघाई चालू आहे. समुद्रापलीकडच्या एका डोंगराळ देशात पाच देशांच्या पलटणी जमून महिनाभर कवायत करणार आहेत. लढाई नव्हे, लढाईची तालीम. त्या डोंगरांत मोटार चढत नाही, म्हणून सगळे ओझे खेचरांच्या पाठीवरून न्यायचे. खेचरे तिकडची आणि खोगिरे आपली. मोठ्या लढाईपासून आमच्याकडे तीनशे खोगिरे पेट्यांत पडून आहेत, ती महिन्याभरात जहाजावर चढवायची आहेत.

आठ दिवसांपूर्वी मी एक पेटी उघडली. खोगिराच्या गादीत उंदरांनी पिले घातली होती. आतला भरणा गोळा होऊन इतका कठीण झाला होता की वर हात आपटला तर बोटे दुखावीत. दुसरी उघडली, तिसरी उघडली, सगळीकडे तीच गत. मी साहेबांकडे गेलो आणि सांगितले की हे जनावराच्या पाठीवर घातले तर पहिल्याच चढाला कातडे सोलून निघेल. साहेबांनी वही काढून दाखवली. वहीत तीनशेच्या तीनशे खोगिरे उत्तम असे लिहिले आहे. त्यांनी हुकूम केला की पेट्या बंद करून मोहोर लावा, वर हिरवा रंग द्या आणि पांढरे आकडे घाला. आता मी दिवसभर रंग देतो आहे. सरकारी कागदांत खोगीरभरती भरपूर असते, खऱ्या खोगिरात मात्र कोणाला भरायची नाही.

बापूंना हे सांगावे की नाही ते तुम्ही ठरवा. लहानांना पापा. धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

आपला,
हेमसिंग

---

तांडा, मौजे आसेगाव, ता. मंगरूळपीर, जि. अकोला
ता. २९ नोव्हेंबर १९५४

चि. हेमसिंग यास लालसिंगचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र बाजारच्या दिवशी मिळाले. कापूस वेचणीला आला आहे आणि माणसे मिळत नाहीत, तरी हातातले काम टाकून उत्तर लिहितो आहे, कारण पत्र वाचल्यापासून माझे डोके ठिकाणावर नाही.

बापूला सांगितले. सांगायला नको होते असे नंतर वाटले. ऐंशी वर्षांचा म्हातारा, लहानपणी शेवटच्या बैलांच्या खेपांबरोबर मिठाच्या गोण्या घेऊन घाट चढलेला. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला. म्हणाला की त्या सायबाले कागद दिसते, मंग जनावराची पाठ काहून दिसत नाही. नंतर म्हणाला की आपल्या तांड्यात गोणीखाली खडा राहिला तरी नायक विचारे की हा कोनाचा बैल आहे, आन ज्याचा असे त्याची मान खाली जाये. इथे तीनशे जनावरं हायेत आन मान कोनाचीच खाली जाऊन नाही राह्यली. संध्याकाळपर्यंत हेच. रूपाने दोनदा जेवायला बोलावले, तिलाही बोलणी खावी लागली.

मग शांत झाल्यावर त्याने मला समोर बसवून कृती सांगितली ती लिहून पाठवतो. गादीची एका बाजूची शिवण उसवायची. भरणा बाहेर काढून उन्हात वाळवून काठीने झोडायचा. उंदराने खाल्लेले फेकून द्यायचे. नवा भरणा मऊ पेंढ्याचा, पण कुसळीचे गवत चुकूनही नको. थोडा थोडा भरत जायचा आणि मधला भाग पोकळ ठेवायचा, म्हणजे ओझे जनावराच्या कण्यावर येत नाही. शेवटी, भरणाऱ्याने सदरा काढून हातपाय टेकवायचे, खोगीर आपल्या उघड्या पाठीवर घ्यायचे, दुसऱ्याने वर ओझे ठेवायचे आणि दहा पावले चालून पाहायचे. आपल्याला टोचले तर त्याला टोचणार. बापू म्हणतो की याच्याबिगर भरनी पुरी होत नाही, ज्याने हे केलं नाही त्याने खोगिराले हात लावू नये.

आता माझे ऐक. गप्प बसू नकोस. आपल्या आज्या-पणज्यांनी बादशहांच्या फौजांना दाणा पुरवला तो जनावराच्या पाठीच्या जिवावर. त्या घरच्या पोराने सोललेल्या पाठीवर हिरवा रंग द्यावा? साहेब ऐकत नसेल तर तू आपल्या हाताने कर. काय होईल ते पाहू, मी बसलो आहे ना इकडे.

चटणी पुन्हा पाठवतो. या खेपेला कुलूप लावून ठेव. थोरल्याचा राग आला तरी पत्र टाकत जा.

तुझा,
लालसिंग

---

मुंबई,
ता. २६ डिसेंबर १९५४

ती. स्व. भिया यांस हेमसिंगचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राप्रमाणे वागलो. त्याचे फळ हातात आले ते कळवतो. आधीच सांगतो की प्रकृती चांगली आहे, काळजी करू नये.

कल्याणकडच्या एका शेतकऱ्याकडून भाताचा पेंढा आणला. दोन हमाल सोबती तयार झाले. जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी आम्ही पेट्यांची मोहोर काढून खोगिरे बाहेर घेत होतो आणि बापूंनी सांगितले तसे करून परत ठेवत होतो. चाळीस खोगिरे झाली. प्रत्येक मी उघड्या पाठीवर घेऊन चाललो. पहिली दोन टोचली, ती पुन्हा उसवली. चांगल्या झालेल्यांच्या पट्ट्यावर खडूने खूण केली. भिया, खोटे सांगत नाही, नोकरीच्या चार वर्षांत मला एवढे समाधान कधी मिळाले नव्हते.

एका रविवारी साहेब अवचित आले. त्या वेळी मी उघडाबंब, हातपाय टेकून, पाठीवर खोगीर आणि त्यावर दोन पोती घेऊन कोठारात चालत होतो. साहेबांबरोबर दोघे पाहुणे होते. ते हसले. साहेब हसले नाहीत. मोहोरबंद सरकारी मालाची नासधूस असा आरोप ठेवून मला कामावरून बाजूला बसवले आहे. सोबत्यांची नावे मी सांगितली नाहीत. जहाज परवा सुटले. चाळीस माझी आणि दोनशे साठ तशीच, सगळी एकाच रंगाने रंगून गेली.

आता मुख्य गोष्ट. साहेबांनी एक कागद पुढे केला आहे. त्यात लिहिले आहे की तीनशेही खोगिरे मुळात उत्तम होती आणि मी कोणाला न विचारता खोडसाळपणे पेट्या उघडून ती उसवली. यावर सही केली तर ताकीद देऊन परत घेतील आणि मार्चमध्ये नोकरी पक्की होईल. न केली तर दहा जानेवारीला घरची वाट. मला सही करवत नाही. ती खोगिरे उत्तम नव्हती, हे माझ्या पाठीला माहीत आहे. पण तुम्ही थोरले, तुम्ही सांगाल तसे करीन. तेवढ्या तारखेच्या आत उत्तर यावे.

आपल्या पायांशी कायम जागा असू द्यावी.

हेमसिंग

---

तांडा, आसेगाव
ता. २ जानेवारी १९५५

चि. हेमसिंग यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. त्या हसणाऱ्यांच्या पाठीवर पोती ठेवून त्यांना मुंबईपासून आसेगावपर्यंत चालवावे असे वाटते. ज्याने सुधारले तो नासधूस करणारा, आणि ज्याने उंदरांसकट पेटी बंद केली तो साहेब. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. दोन दिवस मी शेतात एकटाच बडबडतो आहे. बैलसुद्धा माझ्याकडे वळून पाहतात.

आता नीट वाच. सही करून टाक.

मला ठाऊक आहे, गप्प बसू नकोस असे लिहिणारा मीच होतो. ते लिहिणे सोपे होते. आता गोष्ट नोकरीवर आली आहे. आपल्या तांड्यात पक्की सरकारी नोकरी एकालाही नाही. बाकीचे दसरा झाला की बायकापोरे घेऊन कामाच्या शोधात जिल्ह्याबाहेर जातात आणि होळीला परततात. तूही त्यांच्यात जाणार का? रूपाला पाचवा महिना आहे, हे तिने तुला कळवले नसेल तर मी कळवतो. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. खोगिरे तर गेलीच. ती समुद्रापलीकडे आहेत, खेचरे परक्यांची आहेत. एका सहीने कोणाचे काय जाते?

बापूला यातले काही सांगितलेले नाही. चाळीस खोगिरे भरली एवढेच सांगितले. तेव्हापासून तो भेटेल त्याला सांगतो आहे की माह्या पोराने आपल्या पाठीवर पाहून देल्ले. त्याला तेवढेच राहू दे. सही केल्याचे दोन ओळींत कळव आणि घराकडे मन लावून राहा.

तुझा,
लालसिंग

---

मुंबई,
ता. २१ फेब्रुवारी १९५५

ती. स्व. भिया यांस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे सही केली होती, तसे मागेच कळवले. दीड महिना कामावर होतो. आता पुन्हा बाहेर बसवले आहे.

तिकडून लांबलचक तार आणि मागोमाग पत्र आले. कवायतीच्या चौथ्या दिवशी साठ खेचरांच्या पाठी सोलून निघाल्या. एक खेचर दुखण्याने उधळून ओझ्यासकट दरीत पडले. खडूची खूण असलेल्या खोगिरांखालची चाळीस जनावरे मात्र धड आहेत. तिथल्या परक्या अंमलदाराने मुद्दाम विचारले आहे की ही चाळीस कोणी भरली, त्याला पाठवता येईल का.

साहेबांनी उत्तरात काय लिहिले ते कारकुनाने मला सांगितले. खूण कोणाची ते ठाऊक नाही, आणि माल खराब झाला तो हेमसिंग देवला नावाच्या माणसाने पेट्या उघडल्यामुळे. पुराव्याला माझी सही जोडली आहे. त्या कागदावरून तीनशेच्या तीनशे मीच बिघडवली असे ठरते. पाच मार्चला चौकशी आहे. नोकरी जाणारच, पण वर खटला होईल असे सगळे म्हणतात. मी खरे सांगायला गेलो तर विचारतात की मग सही कोणाची, आणि ती करायला तुला कोणी सांगितले. तुमचे नाव मी घेतलेले नाही, घेणारही नाही.

तुम्ही सांगितलेत ते माझ्या भल्यासाठीच, याबद्दल मनात काही आणू नये. रूपाला एवढ्यात कळू देऊ नका. आशीर्वाद असावा.

हेमसिंग

---

तांडा, आसेगाव
ता. २७ फेब्रुवारी १९५५

चि. हेमसिंग यास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आले आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच मला साहेबाचा राग आला नाही. माझाच आला. मनात काही आणू नये असे तू लिहिलेस. त्याऐवजी चार शिव्या दिल्या असत्यास तर बरे झाले असते. शूर झालो तो मी, तुझ्या जिवावर. भ्यालो तेही मीच, आणि त्या भीतीची किंमत तुझ्या सहीने दिली.

काल बापूला सगळे सांगितले. रूपालाही. तिला कळू देऊ नका असे तू लिहिले होतेस, पण झाकून ठेवण्याने काय होते ते आपण पाहिले. ती रडली नाही. तिने मला विचारले की माझ्या नवऱ्यानं तुमाले पुसलं, पन तुमी मले काहून नाही पुसलं. मी तिचेच नाव पुढे करून तुला सही करायला लावली होती आणि तिला एका शब्दाने विचारले नव्हते.

मला वाटले बापू तुझ्या नोकरीचे विचारील, खटल्याचे विचारील. त्याने विचारले की त्या साठ जनावराईच्या पाठीले कोनी काही लावून राह्यलं का, का तशीच उन्हात उभी हायेत. हेमा, तुझी सगळी पत्रे मी पुन्हा वाचली, माझी आठवली. तुझ्या पहिल्या पत्रात पाठ आहे. माझ्या जानेवारीच्या पत्रात खेचरे परक्यांची आहेत असे आहे. एका सहीने कोणाचे काय जाते असे मी विचारले होते. साठ पाठी गेल्या, एक जीव गेला.

बापूचा निरोप असा. कडुनिंबाचा पाला उकळून त्या कोमट पाण्याने जखम धुवावी, वर हळद आणि जवसाचे तेल लावावे, आणि पाठ भरेपर्यंत ओझे घालू नये. हे तिकडच्या अंमलदाराला कळव. चौकशीत तुझे काय होईल ते होवो, आधी हे कळव.

आता माझे. मी परवा निघतो. चौकशीच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचेन. बापू ऐकत नाही, तोही येतो आहे. एक खोगीर त्या साहेबासमोर मी पाठीवर घेईन, असे घोकतो आहे. त्याला मी तसे करू देणार नाही, पण गाडीत बसायला अडवणारही नाही.

मी वाटेत आजारी पडलो, गाडी चुकली, किंवा मला आत सोडले नाही, तर हे पत्र तू पुढे ठेव. त्यासाठी इथे स्पष्ट लिहितो. माझा भाऊ हेमसिंग देवला याने खोगिरे बिघडवली नाहीत. ती आधीच खराब होती हे त्याने वीस नोव्हेंबरलाच मला कळवले होते, ते पत्र पोस्टाच्या शिक्क्यासह मी बरोबर आणतो आहे. पेट्या उघड आणि दुरुस्त कर असे मी त्याला लिहिले. खोट्या कागदावर सही कर असेही मीच त्याला लिहिले, आणि थोरल्या भावाचा शब्द म्हणून त्याने ती केली. शिक्षा द्यायची तर तिच्यात माझा वाटा आहे.

राग असेल तर तो तोंडावर काढ, पण स्टेशनावर ये. बापूला गर्दीत एकटा मी सांभाळू शकणार नाही.

खाली माझी पूर्ण सही आहे. ती मला कोणी करायला सांगितलेली नाही.

लालसिंग देवला