आईच्या पहिल्या बाळंतपणात तिच्या माहेरी जन्मलेल्या शौर्यला कुठल्या तरी एका केंद्राने आपलं म्हणण्याबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
बालक शीघ्र हस्तक्षेप व कुटुंब आधार कक्ष,
(जुन्नर व आंबेगाव तालुके)

अर्जदार : श्रेया सोपान कोरडे, रा. बोरी बुद्रुक, ता. जुन्नर, जि. पुणे

विषय : चि. शौर्य आदेश कोरडे, वय अडीच वर्षे, याचे पायाचे व्यायाम, बोलण्याची थेरपी आणि बूट एकाच केंद्रातून मिळण्याबाबत.

संदर्भ : माझा भाऊ आदेश याचे यापूर्वीचे दोन अर्ज. दोन्ही 'कारण सविस्तर लिहावे' असा शेरा मारून परत आले आहेत.

महोदय,

वरील विषयी विनंती अर्ज करते की, भावाने दोन्ही वेळेला चारच ओळी लिहिल्या होत्या. तो बोलतो पण तेवढंच. आमच्या घरात सविस्तर बोलणारी मीच, त्यामुळे तिसरा अर्ज माझ्याकडे आला. मी नारायणगावला कॉलेजला आहे आणि शौर्यची आत्या आहे. सरकारी भाषा मला दोन ओळींच्या पुढे जमत नाही, तेव्हा जसं झालं तसं सांगते, चुकलं तर सांभाळून घ्या.

१) शौर्य आंबेगाव तालुक्यात जन्मला. वृषाली वहिनीचं माहेर तिकडे मंचरच्या पुढे आहे, आणि पहिलं बाळंतपण माहेरी हे तर तुम्हालाही माहीत असणार. सातव्या महिन्यात ओटी भरून वहिनी गेली. पोरगं झालं, उशिरा रडलं, पण रडलं म्हणून सगळे खूश. पहिली लस तिकडेच, अंगणवाडीत नाव तिकडेच, वजन तिकडेच. चार महिन्यांचा झाला तरी मान धरेना, हे तिथल्या अंगणवाडीच्या ताईंनीच पहिल्यांदा ओळखलं आणि तिकडच्या केंद्रात पाठवलं. तिकडे त्याची फाइल उघडली. मग रीतीप्रमाणे वहिनी बाळाला घेऊन सासरी आली आणि तिथून आमचं सगळं बिघडलं. मला कुणाचं नाव घेऊन तक्रार करायची नाही, म्हणून इथून पुढे आमच्या बाजूच्या केंद्राला अलीकडचं आणि वहिनीच्या माहेरकडच्याला पलीकडचं म्हणते.

२) अलीकडचे म्हणाले, बाळाची फाइल पलीकडे आहे, ती बंद करून आणा, मग आम्ही उघडतो. पलीकडचे म्हणाले, अलीकडे उघडल्याचा नंबर आणा, मग आम्ही बंद करतो. आदेशदादा सहा महिने मोटरसायकलवर या दोघांच्या मधे होता. कुणी वाईट बोललं नाही, उलट दोन्हीकडे चहा दिला. पण फाइल काही हलली नाही. शेवटी दोन्हीकडच्यांनी तोडगा काढला की, व्यायाम पलीकडे करा, बोलण्याची थेरपी अलीकडे करा, 'माणुसकी म्हणून'. आम्ही हात जोडले. नंतर कळलं की दोन्हीकडे वार एकच, मंगळवार.

३) त्याच्यात भर म्हणून कुटुंब आधार बैठक. ती सक्तीची, दोन्हीकडे मंगळवारीच, सकाळीच. आम्ही म्हटलं आपल्याकडून कमी नको पडायला. दादा आणि वहिनी पलीकडे गेले, मी अलीकडे गेले. मला वाटलं शौर्य त्यांच्याबरोबर आहे, त्यांना वाटलं माझ्याबरोबर आहे. शौर्य घरी माझ्या वडिलांच्या मांडीवर बसून केळं खात होता. दोन्हीकडच्या मॅडमनी विचारलं, बाळ कुठं आहे, आणि आम्ही दोन्हीकडे सांगितलं, दुसऱ्या केंद्रात आहे. तेव्हापासून दोन्हीकडे 'पालक दिशाभूल करतात' असं लिहिलेलं आहे. तेवढं खोडता आलं तर बघा.

त्याच बैठकीत माझ्या शेजारी नारायणगावच्या जैबुन्निसा आजी होत्या. त्यांची नात महेक, दीड वर्षाची, तिला ऐकू येत नाही. तीही पलीकडे जन्मलेली, कारण तिच्या आईचंही पहिलं बाळंतपण माहेरीच. आजी मला म्हणाल्या, "आपली चूक काय झाली सांगू का बेटा? पोरीला बाळंतपणाला धाडायच्या आधी हापिसात इचारायला पायजे व्हतं, की पोरगं कुठल्या तालुक्यात काढू." सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. मग बघितलं तर त्या बाकावरच्या निम्म्या पोरांचं तेच होतं.

४) बुटांचं. शौर्यचे पाय कडक आहेत, टाच टेकत नाही, त्यासाठी पट्ट्यांचे खास बूट लागतात. पायाचं माप पलीकडे घेतलं. बूट तयार होऊन आले ते अलीकडे, कारण पत्ता बोरीचा. अलीकडच्यांकडे फाइल नाही म्हणून त्यांनी ते परत पाठवले. ते पलीकडे पोचले, तिथून निरोप आला, सही करून घेऊन जा. दादाने आनंदाने सही केली. घरी येऊन घालायला गेलो तर पाय मोठा झाला होता. अंगठ्यापाशी अडकला. वहिनीने साबण लावून बघितलं, मोजे काढून बघितलं, शेवटी तिने बूट कपाटावर ठेवले आणि भाकरी करायला बसली. नवीन जोड मागितला तर उत्तर आलं, लाभ दिलेला आहे, सही आहे. साहेब, सही आमचीच आहे, ते खरं आहे. पण पाय त्याचा आहे.

५) आता मुख्य. पलीकडे व्यायाम शिकवणाऱ्या तेजस्विनी मॅडम लई चांगल्या आहेत. त्यांनीच सुचवलं की आई आणि बाळ काही महिने माहेरी राहिले तर पलीकडे सगळंच मिळेल, व्यायाम, बोलणं, घरी येऊन बघणं, सगळं. वहिनी गेली. दादाने स्वतः सोडलं. साहेब, त्या दिवसांत शौर्य टोमॅटोच्या क्रेटला धरून उभा राहिला. टाच पूर्ण टेकली नव्हती, पण उभा राहिला. वहिनीने व्हिडिओ पाठवला, माझ्या वडिलांनी तो गोठ्यात, पारावर, सलूनमधे सगळीकडे दाखवला.

पण गावाला व्हिडिओ दिसला नाही, गावाला सून दिसेना. दिवाळी झाली, संक्रांत झाली, सून माहेरीच. शेअर जीपमधे चर्चा सुरू झाली की कोरड्यांची सून नांदत नाही. आमच्या भावकीत गेणभाऊ म्हणून आहेत, वय झालेलं, गावात कुणाचा संसार मोडायला आला की न बोलावता जाऊन जोडणारे. मनाने चांगले. त्यांनी आम्हाला न विचारता एक जीप केली, चार जाणती माणसं घेतली आणि वहिनीच्या वडिलांच्या, म्हणजे सावळेराममामांच्या, दारात जाऊन उतरले. मामांना वाटलं भांडायला आले. त्यांनी त्यांची चार माणसं बोलावली. आमच्या घरचं त्यात कुणीच नव्हतं. पुढचं मला वहिनीने सांगितलं.

गेणभाऊ म्हणाले, "सावळेरामभाऊ, पोरीचं काय चुकलं असंल तर आमी पोटात घालू, पण लक्ष्मीसारखी सून अशी दारात ठेवू नगा."

मामा म्हणाले, "चुकलं असंल तर तुमच्याकडचं. माझ्या पोरीनं सासरच्यांना एक शब्द वाकडा लावला न्हाई."

"मग आमच्या पोराचं काय चुकलं ते सांगा."

"ते तुमी सांगा, तुमी आलाय."

भांडण नव्हतंच, त्यामुळे ते सापडेना. मग लग्नात मानाचं उपरणं कुणाला मिळालं नव्हतं ते निघालं, आणि आवाज चढले. वहिनी आत शौर्यचे पाय ताणत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "भाऊ, आमच्यात काय बी नाय. याच्या पायासाठी हितल्या मॅडम लागतात, म्हणून मी हितं हाय."

गेणभाऊ म्हणाले, "मग नांदता नांदता ये की पोरी मंगळवारचं."

वहिनी म्हणाली, "हितं राहत असलो तरच सगळं देत्यात."

मग जमलेल्यांतले एक पावणे म्हणाले, "असं कुठं असतंय व्हय? सरकार कशाला नवराबायकूला येगळं ठेवील?" आणि तिथे तिचं म्हणणं संपलं. कुणालाच ते खरं वाटेना. मामांना चार लोकांत मान खाली घालवेना. ओटी भरली, नारळ दिला आणि त्याच जीपमधे वहिनीला आणि शौर्यला बसवून बोरीला आणलं. दादा मार्केटवरून घरी आला तर बायको चुलीपुढे. तो म्हणाला, "तू कशी काय आलीस?" वहिनी म्हणाली, "तुमी मला माफ केलं म्हणं."

दोघं हसली. मग वहिनी लई रडली.

६) पुढच्या आठवड्यात पलीकडच्यांनी 'स्थलांतरित' लिहून शौर्यचं नाव हजेरीतून काढलं. फाइल मात्र बंद केली नाही, कारण अलीकडचा नंबर नाही. म्हणजे तो आता पलीकडे कागदावर आहे पण जाऊ शकत नाही, आणि अलीकडे जाऊ शकतो पण कागदावर नाही. अलीकडची बोलण्याची थेरपीही थांबली, कारण माणुसकीवाल्या साहेबांची बदली झाली. तेव्हापासून आम्ही घरीच करतो. तेजस्विनी मॅडम मोबाईलवर दाखवतात, वहिनी करते, मी धरते. मॅडम म्हणतात, हाताला जे कळतं ते मोबाईलवर कळत नाही, आणि हे वय निघून गेलं की पाय ऐकत नाहीत, कसंही करून परत चालू करा. शौर्य आता क्रेट धरत नाही. उभं केलं तर दोन्ही पाय कात्रीसारखे होतात आणि तो माझ्याकडे बघतो, म्हणजे खाली बसव.

७) गेल्या महिन्यात दादा परत पलीकडे गेला. खिडकीतल्या भाऊंना आमची दया आली. त्यांनी सांगितलं, एक मार्ग आहे. आई नवऱ्यापासून विभक्त होऊन कायमची माहेरी राहते, असं दोघांच्या सहीचं पत्र आणि वर सरपंचांचा दाखला द्या. मग बाळाला इथून कुणी हलवू शकत नाही, नवीन बूटही लगेच मंजूर होतात, अशा आईसाठी वेगळं कलम आहे. त्यांनी हे वाईट बुद्धीने सांगितलं नाही.

दादाने घरी येऊन ते सांगितलं, तेव्हा मला वाटलं वहिनी चिडेल. ती म्हणाली, "बूट किती दिवसांत येत्यात म्हणाले?" दादा म्हणाला महिन्यात. मग दोघं ओट्यावर बसली आणि कारण काय लिहायचं यावर बोलत राहिली. दादा म्हणाला, लिही नवरा दारू पितो. वहिनी म्हणाली, नको, पोरगं मोठं झाल्यावर वाचील. मग तिने स्वतःचंच लिहिलं की तिचा स्वभाव तापट आहे. माझे वडील आतून ऐकत होते. ते म्हणाले, "ज्यांचं खरंच पटत नाही त्यांचं बी एवढ्या लवकर एकमत व्हत न्हाई रे."

पत्र पूर्ण झालं. दोघांच्या सह्या झाल्या. दाखल्यासाठी सरपंचांकडे न्यायचं काम माझ्याकडे दिलं, कारण गावात त्या दोघांनी नेलं तर परत जीप निघेल. मी ते नेलेलं नाही. घरी सांगितलं की सरपंच भेटत नाहीत.

८) तरी माझी विनंती एवढीच आहे. आम्हाला दोन्ही केंद्रं नकोत, एकच द्या, कुठलंही द्या. वार कुठलाही चालेल. माणूस एकच असावा, ज्याला शौर्य म्हटलं की शौर्य कळेल आणि पहिल्यापासून सांगावं लागणार नाही. पायाचं माप नव्याने घ्यावं. जैबुन्निसा आजींच्या महेकचंही याचबरोबर झालं तर बरं होईल, त्यांचा अर्ज लिहून देणारं घरात कुणी नाही.

आणि त्या पत्राशिवाय हे होणारच नसेल, तर तसं मला स्पष्ट कळवा, दादाला नको. मी दुसऱ्या दिवशी दाखला काढून आणते. त्यांचा संसार चांगला चाललाय, साहेब. पण ती दोघं थांबायला तयार नाहीत, आणि मला सरपंच भेटत नाहीत हे अजून किती दिवस सांगता येईल, माहीत नाही.

कळावे, आणि या वेळी शेरा न मारता कळवावे,

आपली,
श्रेया सोपान कोरडे
(शौर्यची आत्या)
बोरी बुद्रुक, मंगळवार, दि. ११ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) शौर्यच्या जन्मदाखल्याची प्रत
२) परत आलेले दोन्ही अर्ज, शेऱ्यांसह
३) बुटांच्या पोचपावतीची प्रत
४) आईवडील विभक्त राहत असल्याबाबतचं पत्र : तयार आहे, जोडलेलं नाही