वरचं काही देत नाही

९ नोव्हेंबर, रविवार

सूनबाई आणि ठकी काल माहेराहून आल्या. पल्लवीचं माहेर मानोऱ्याकडे, आम्ही किन्हीराजाला. बाळंतपणापासून तिकडेच होत्या, म्हणून घर कसं ओकं ओकं झालं होतं. नातीला तीन महिने झाले आणि मी तिला दोनदाच पाहिलेली. नाव आराध्या ठेवलंय. मी ठकी म्हणते. प्रशांतला आवडत नाही. त्याला विचारलंय कोणी!

माळ्यावरून सहाण काढली. हिरडा, बेहडा, हळकुंड, वेखंड, जायफळ, सगळं डब्यात जपून ठेवलेलं. प्रशांतची घुटी याच सहाणेवर उगाळली, आज तो तुरीचं पोतं एकट्यानं उचलतो. पल्लवी म्हणाली, "आई, जायफळाचे वेढे जरा जास्त झाले का?" मी म्हटलं, "झोप लागते लेकराले चांगली." तिनं ठकीला पुढं केलं. पोरगी गुणाची आहे, पण सगळं मोबाईलमध्ये पाहते.

११, मंगळवार

ठकी माझ्याकडे बघून हसली. गॅसेस आहेत म्हणे प्रशांत. असू देत. माझ्याकडे बघूनच होते ना.

घुटीनं सकाळची झोप मस्त लागते. तेवढ्यात पल्लवीची आंघोळ, माझा स्वयंपाक.

१४, शुक्रवार

अक्षर नीट येत नाही आज.

सकाळी आंघोळ, शेक, घुटी, रोजचंच. ठकी पल्लवीच्या मांडीवर. मी पोळ्या लाटत होते. पल्लवीची हाक आली, हाक कसली, किंकाळी. गेले तर ठकीचे ओठ जांभळे. मान लुळी, हातपाय लुळे. डोळे उघडे पण आमच्याकडे नाहीत. छाती हलत नव्हती. का हलत होती आणि मलाच दिसत नव्हती, देव जाणे. तळपाय चोळले, तोंडावर फुंकर घातली, हाका मारल्या. मग एकदम हुंदका दिल्यासारखं केलं आणि रडली. जन्मात कोणाच्या रडण्यानं एवढा आनंद झाला नसेल मला.

किती वेळ? पल्लवी म्हणते लय वेळ. मला वाटतं मिनिटभरही नसेल. तव्यावरची पोळी करपली होती, पण काळी ठिक्कर नव्हती.

प्रशांतनं गाडी काढली, तालुक्याला, मालेगावला लेकरांच्या डॉक्टरीणबाईंकडे. तिथं पोचेपर्यंत ठकीनं दूध पिऊन घेतलं आणि बाईंच्या गळ्यातली नळी ओढायला लागली. आम्ही तिघं मेल्यासारखे आणि ही खेळतेय.

बाईंनी पुष्कळ विचारलं. दिवस भरले होते का, दूध कसं ओढते, अंग कडक झालं की लुळं, घरात कोणी लहानपणी एकाएकी गेलं का. असं आधी कधी झालं का. वरचं काही देता का. मी पटापट सांगितलं. आधी कधी नाही, पहिल्यांदाच. वरचं काही देत नाही, निव्वळ आईचं दूध. बाई म्हणाल्या, "आईला बोलू द्या ना." मी म्हटलं, "पोरगी भेली हो, तिले काय सुचते आत्ता." पल्लवी खाली मान घालून बसली होती.

बाई म्हणाल्या, तुम्ही सांगताय त्यावरून धोका कमी वाटतो. बाळ दोन महिन्यांच्या वरचं, दिवस भरलेलं, थोडक्यात आटोपलं, पहिलीच वेळ, तपासण्यात काही सापडत नाही. अशा बाळांना उगाच सुया टोचत नाही आम्ही. घरी न्या, लक्ष ठेवा. श्वास थांबला तर काय करायचं ते बाहुलीवर करून दाखवलं.

"पण झालं काय व्हतं?"

"ते नाही सांगता येत."

एवढं शिकून नाही सांगता येत! बाहेर आल्यावर मी बोलले तसं. प्रशांत म्हणाला, "निदान खोटं त नाही बोलल्या, आई."

१५, शनिवार

मीठ-मोहऱ्या उतरवल्या. जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं, दृष्टबिष्ट मी मानत नाही. तरी उतरवल्या. विस्तवावर वास आला नाही, म्हणजे होती म्हणायची.

पल्लवी ठकीच्या नाकाखाली बोट धरून बसते. जेवतानाही डावा हात तिथंच. मी म्हटलं, "अवं, डॉक्टरनं धोका कमी सांगतला न." हाव म्हणाली. बोट काही काढलं नाही.

अशक्तपणा आला असेल म्हणून आज घुटी जरा दाट उगाळली. छान झोपली बाय माझी.

१७, सोमवार

आज जे कळलं ते लिहितानाही संताप येतो आहे.

मेथी निवडत बसलो होतो. पल्लवी काडी काडी निवडतेय आणि पानं टाकून देतेय. म्हटलं, "लक्ष कुठी आहे तुह्यं?" तर रडायला लागली.

"आई, डॉक्टरनं इचारलं तवा तुमी पयल्यांदाच म्हनलं."

"मंग?"

"पयल्यांदा नव्हतं. मायच्या घरी असंच झालं व्हतं एकदा. येच्या पंधरा-वीस दिवस आधी. जरासंच झालं. मायनं शपथ घातली लेकराची, सासरी सांगू नको म्हने."

"काहून?"

"तुमी म्हनसान, माहेरी नीट सांभाळलं नाही."

मी अशी आहे का? म्हणजे, आहे मी तशी? हे नंतर मनात आलं. तेव्हा आधी फोन उचलला आणि तिच्या आईला, ईनबाईंना लावला. पल्लवी हात धरत होती, मी झटकला. म्हटलं, "ईनबाई, लेकराच्या जिवापरीस तुमचं नाव मोठं झालं का? डॉक्टरपुढं मले खोटं पाडलं तुमी." मग म्हणाल्या, "चुकलं माह्यं," आणि फोन ठेवला त्यांनी. का मीच ठेवला.

बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

१८, मंगळवार

पुन्हा मालेगाव. मी बाईंना म्हटलं, आमची फसवणूक झाली, हे दुसऱ्यांदा होतं. वाटलं, बाई पल्लवीला बोलतील. त्या उठल्या, खुर्ची पल्लवीकडे वळवली आणि म्हणाल्या, "आता सगळं परत विचारते. तुम्हीच सांगायचं. दुसऱ्या कोणी बोलायचं नाही." दुसरं कोणी म्हणजे मी. वर्गात मी पोरांना असंच म्हणायचे.

सगळं पहिल्यापासून. पल्लवी हळू पण नीट सांगत होती. माहेरचं, इथलं, रंग, वेळ. मग तो प्रश्न, वरचं काही देता का. मी मनात नाही म्हणूनही टाकलं होतं. पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"घुटी देतो. रोज."

माझ्या तोंडून निघालंच, "घुटी म्हंजे काई वरचं असते का?"

मलाच माझं ऐकू आलं.

बाईंनी काय काय उगाळता विचारलं. जायफळ म्हटल्यावर थांबल्या. वेढे किती, म्हणाल्या. शुक्रवारी किती होते ते सांगितलं. शनिवारचं सांगायचं नव्हतं. पण सांगितलं. जायफळानं गुंगी येऊ शकते म्हणाल्या. "त्यानंच झालं असं मी म्हणत नाही, आजी. नाहीच झालं असंही म्हणता येत नाही. पण दुसऱ्यांदा झालंय आणि घुटीही आहे, म्हणजे शुक्रवारी मी जे ठरवलं ते आता धरता येत नाही." अकोल्याला लेकरांच्या दवाखान्यात नेऊन ठेवायचं, हृदयाची पट्टी काढायची, रक्त तपासायचं, यंत्र लावून श्वासावर नजर ठेवायची. आजच.

कोणी मला एक शब्द बोललं नाही. प्रशांतही नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

गाडीत बसल्यावर आठवलं, काल फोनवर मी काय बोलले ते. लपवलं म्हणून. आणि ईनबाईंना निदान ठाऊक होतं की आपण लपवतोय. मी तर रोज सकाळी सहाण धुऊन उन्हात ठेवत होते आणि डॉक्टरला सांगत होते, काही देत नाही.

२०, गुरुवार, अकोला

ठकीच्या पायाला लाल दिव्याचं चिमटं लावलंय, छातीला तारा. ती तारा तोंडात घालायला बघते. यंत्र मधूनच ओरडतं, सगळ्या आया एकदम माना वर करतात. सिस्टर येऊन चिमटं नीट लावते, माना खाली. माझा जीव प्रत्येक वेळी जातो आणि येतो.

ईनबाई आल्या. मानोऱ्याहून एसटीनं, कारंज्याला गाडी बदलून. हातात भाकरीचं फडकं. माझ्यापासून चार हात दूर बाकाच्या टोकाला बसल्या. पोटातलं कसं बोलावं ते शाळेत कोणी शिकवत नाही, आम्हीही शिकवलं नाही. मी जवळ सरकले. म्हटलं, "ईनबाई, म्याच रोज घुटी देल्ली. त्यात जायफळ. डॉक्टरले म्याच नाही सांगतलं."

फडक्याची गाठ सोडता सोडता त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता परतफेड. बोलल्या असत्या तर हक्क होता त्यांचा.

म्हणाल्या, "मी बी द्याची, ईनबाई. कदीमदी."

"त्या दिवशी देल्ली व्हती का?"

"तेच आठवून राह्यली मी तवापासून. देल्ली का नाही, काईच आठवत नाही पाहा." आणि पदर तोंडाला लावला.

मग आम्ही दोघींनी भाकरी खाल्ली. ठेचा फार तिखट होता, बरं झालं. डोळ्यांतून पाणी यायला निमित्त लागतं.

२१, शुक्रवार

मोठ्या डॉक्टरांचा राऊंड. त्यांनी विचारलं, असं किती वेळा झालं. मी ओठ मिटून घेतले. ईनबाईंनीही.

पल्लवी म्हणाली, "दोनदा. मले दिसलं ते दोनदा."

मले दिसलं ते. न दिसलेलं किती असेल? डॉक्टरांनी मान हलवली, म्हणाले असंच सांगायचं, बरोबर सांगितलं.

हृदयाची पट्टी चांगली. रक्तात काही नाही. झटके असल्याचं लक्षण आत्ता तरी नाही. आत्ता तरी, हे ते दर वाक्यात म्हणतात. मी मोजायचं सोडून दिलं.

२३, रविवार

घरी आलो. कागदावर निदानाच्या जागी दोन ओळी आहेत, अर्थ एवढाच की कारण सापडलं नाही. घुटी बंद, ते मात्र ठळक, खाली रेघ ओढून. उताणीच निजवायची, शेजारी धूर नको, म्हणून शेकही बंद. पुन्हा झालं तर थेट अकोला.

ईनबाईंना मीच गाडीत बसवलं. लेकीच्या घरी राहायचं नसतं म्हणत होत्या, पाणीसुद्धा जपून प्यायचं. मी म्हटलं, "तुमच्या लेकीचं नाही, माह्यं घर आहे. माह्या घरी राहा." जरा हसल्या.

सहाण धुतली. माळ्यावर ठेवायला स्टूल घेतलं, मग वाटलं, कशाला. देवघराच्या बाजूला आहे, चंदन उगाळू. जायफळ श्रीखंडापुरतं ठेवलं.

२७, गुरुवार

शेजारच्या बाईंनी सांगितलं, "अमक्याच्या लेकराले बी असंच व्हये, मोठं झालं आन् गेलं आपोआप." व्हये म्हणजे होत असे, गेलं म्हणजे ते होणं गेलं. तेवढं समजेपर्यंत मी आत जाऊन ठकीला पाहून आले.

पल्लवीचे डोळे आत गेलेत. तिला म्हटलं, जरा पड, मी बसते. "तुमी झोपसान, आई." "नाही झोपत." "मंग घड्याळ लावून दहा मिनटंच पडते." मग माझंच बोट घेऊन ठकीच्या नाकाखाली नेमकं ठेवून दिलं, असं धरा म्हणाली. ऊन ऊन श्वास. तिला विश्वास वाटला एवढ्यानं माझा दिवस गेला. पुरता तास झोपली.

३० नोव्हेंबर, रविवार

आज पहिल्यांदा पुरी आंघोळ. त्या दिवसापासून नुसतं पुसून घेत होतो, आंघोळीचं नाव कोणी काढत नव्हतं. पाणी मी तापवलं. ईनबाई पायावर घ्यायला नको म्हणाल्या, मीही नको म्हटलं. शेवटी पल्लवीनंच घेतलं, आम्ही एकीनं तांब्या, एकीनं टॉवेल. ठकी पाणी उडवून हसत होती. हे गॅसेस नव्हते, प्रशांतनंही कबूल केलं.

नेहमीच्या वेळी हात आपोआप सहाणेकडे गेला. सहाण ओली केली, चंदन उगाळलं, देवाला लावलं. बोटाला उरलेलं ठकीला लावावं वाटलं. नाही लावलं.

दूध पिता पिता ती झोपली. एकदम झोपली, तोंड उघडं, हात सैल. तिघी वाकलो. कोणाला काही विचारायचं नव्हतं आणि कोणी उठतही नव्हतं. छाती वर गेली. खाली आली. जरा थांबली, किती थांबली देवाला ठाऊक, आणि पुन्हा वर गेली.

झोपलीच आहे, ईनबाई म्हणाल्या.

हाव, मी म्हटलं.

पल्लवीचं बोट तिथंच होतं. काढ आता, असं मी आज म्हटलं नाही.